डोमेन होस्टिंगवाल्याकडे ठेवू नका

स्वतःच्या साइटसाठी होस्टिंगचा (फाइल्स ठेवायच्या जागेचा) स्वस्त प्लॅन घ्यावा की 'अनलिमिटेड', या प्रश्नाआधी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुठे नोंदवायचं ते ठरवा. होस्टिंगबरोबर 'फुकट' मिळणारं डोमेन मोहात पाडतं खरं, पण उद्या कंपनीशी बिनसलं की फाइल्स दुसरीकडे नेता येतात, नाव सोडवून घेणं मात्र जिकिरीचं होतं. रजिस्ट्रार (नाव नोंदवणारी कंपनी) वेगळा असेल तर डीएनएसच्या, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या, नोंदी बदलल्या की साइट नव्या घरी.

'अनलिमिटेड'च्या अटी वाचाच. जागेवर मर्यादा नसली तरी फाइल्सच्या संख्येवर बहुधा असते. दर बघताना पहिल्या वर्षाचा नाही, नूतनीकरणाचा बघा. साध्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी (साइटची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या) कोणी वेगळे पैसे मागत असेल तर सरळ पुढचा पर्याय शोधा, कारण लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा अशी प्रमाणपत्रं २०१५ पासून मोफत देते आहे.

आणि नुसता परिचय नि काही लेख एवढंच टाकायचं असेल तर वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर), डेटाबेस हा पसारा हवाच कशाला? स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली, पानं गिटहब पेजेस या सेवेवर विनामूल्य राहतात, स्वतःचं डोमेनही जोडता येतं. तिथे १ जीबीची मर्यादा आहे, पण मजकुराला ती पुरून उरते.

बॅकअपची एक प्रत मात्र स्वतःच्या संगणकावर ठेवा, होस्ट कोणताही असो.