सोसायटीच्या बागेत ओंडक्यांचा ढीग आणि पक्ष्यांच्या पेट्या: हव्यात की नकोत?

घोडबंदरकर
ठाण्यात येऊरच्या जंगलाकडे पाठ असलेल्या एका सोसायटीपुढे प्रस्ताव आहे: बागेत मागच्या भिंतीलगत जुन्या ओंडक्यांचा ढीग, एका रांगेत दहा घरट्यांच्या पेट्या आणि बेडकांसाठी एक डबकं. माझं मत, करावं. सगळीकडे पेव्हर ब्लॉक, त्यात पालापाचोळा रोज झाडून पोत्यात; सरड्या-बेडकांनी राहायचं कुठे? विरोध असेल तर कारणासकट मांडा.

पारसिकपायथा
विरोध ढिगाला. भिंतीलगत पोकळ रचलेले ओंडके म्हणजे उंदरांची चाळ. उंदीर आले की मागोमाग धामण येते, ती येऊ दे. पण बिनविषारी धामणीला जे चालतं ते विषारी घोणशीलाही चालतं, आणि पाचोळ्यात पडलेली घोणस पाय पडेपर्यंत दिसत नाही. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप होतो तो वेगळाच. आणि येऊरच्या कडेला भिंतीलगत दाट झाडोरा वाढवणं म्हणजे कुत्र्यांमागे येणाऱ्या बिबट्याला आडोसा देणं.

ओंडका
पारसिकसाहेब, उंदीर लाकूड खायला येत नाही, ओल्या कचऱ्यासाठी आणि भटक्या कुत्र्यांच्या ताटल्यांसाठी येतो. ढीग त्याला फक्त पोकळी देतो, म्हणून पोकळीच ठेवायची नाही. १० ते १५ सेंमी जाडीचे ओंडके घ्या, खालचा थर एक तृतीयांश जमिनीत पुरा, फटींत माती आणि पाचोळा ठासून भरा. लांबी-रुंदी तीन-तीन फूट, उंची दीड फुटाच्या वर नको. त्यात गोम, वाळवी, साप-सुरळी, भेक राहतात. घुशीला बीळ करायला जागा उरत नाही. इमारतीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून निदान १५ मीटर लांब. भिंतीलगत तर नकोच, तिथे गटाराची लाइन असते आणि उंदरांचा रस्ता तोच. रंग किंवा वाळवीचं औषध मारलेलं फर्निचरचं लाकूड टाकू नका. पायवाटेच्या कडेची झुडपं खालून तीन फूट मोकळी ठेवली की आडोशाचा मुद्दाही बराचसा मिटतो.

पारसिकपायथा
कागदावर छान आहे. दोन पावसाळ्यांत लाकूड कुजतं, माती धुपून जाते आणि तुम्ही बुजवलेली पोकळी परत उघडते. दर ऑक्टोबरला ढीग कोण भरणार? माळी आठवड्यातून दोनदा येतो, आणि ओंडका हलवताना हात घालणारा तोच. हातमोजे आणि लांब दांड्याचं दाताळं त्याला कोण देणार, हेही ठरावात लिहा.

तांबटप्रेमी
ढिगावर एवढं रण माजलंय आणि दहा पेट्यांवर कोणी बोलतच नाही. दहा कशासाठी? दयाळ पक्षी आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही. एका रांगेत दहा लावल्या तर आठ रिकाम्या राहणार किंवा मैना बळकावणार. दयाळासाठी दोन पुरे, एकमेकींपासून शक्य तितक्या लांब. तळ १५ बाय १५ सेंमी, उंची २५, भोक ४५ ते ५० मिमी, तळापासून १५ सेंमी वर. चिमणीला भोक ३२ मिमी, आणि पेटी झाडावर नको, इमारतीच्या वळचणीला. भोकाखाली बसायची काडी लावू नका, तिचा फायदा कावळ्याला. तळाला ६ मिमीची चार छिद्रं, छप्पर पुढे ५ सेंमी बाहेर.

तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. लाकूड १८ मिमीचं. पातळ प्लाय पहिल्याच पावसात सुटतो, आणि पत्र्याची किंवा पीव्हीसी पाइपची पेटी मे महिन्यात पिल्लं भाजते. झाडाला खिळा नको, तारही नको. तार दोन-तीन वर्षांत सालीत रुतते. काथ्याची दोरी बांधा आणि दरवर्षी सैल करा. दयाळाची वीण मार्चला सुरू होते, म्हणजे पेट्या जानेवारीतच वर गेलेल्या हव्यात.

आणि उघड्या फळीची ‘घरटी’ बाजारातून आणू नका, त्यात फक्त कबुतरं येतील.

सावलीवाला
पेट्याच कशाला? तांबट पक्षी आपलं बीळ स्वतः कोरतो, बहुतेकदा सुकलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला. वाळली की लगेच छाटायची, ही सवय सोडा. पायवाटेवर न येणारी मनगटाएवढी जाड सुकी फांदी ठेवलीत, तर सुताराचा खर्चही वाचेल.

तांबटप्रेमी
फांदी ठेवा, जरूर. पण गुलमोहराची नको, तो वाऱ्यात दगा देतो. खाली गाड्या लागत असतील तर कुठलीच नको.

सीवूड्स१२
डबक्याचं कोणीच बोलत नाही! साचलेल्या पाण्यात एडिस डासाची अंडी ते डास ही फेरी आठ-दहा दिवसांत पुरी होते. पक्ष्यांची ताटली असेल तर ५ सेंमीहून खोल नको, दर तिसऱ्या दिवशी रिकामी करून घासायची. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून भागत नाही. डबक्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडलेत तर ते बेडकांची अंडी आणि लहान पिल्लंही खातात, मग डबकं केलं कोणासाठी? बीटीआयची (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पावडर पाकिटावरच्या मात्रेने टाका, आणि बेडूक बाहेर पडायला एका कडेला दगडांचा उतार हवाच.

घोडबंदरकर
मग प्रस्ताव असा बदलतो: दयाळाच्या दोन पेट्या, चिमणीच्या तीन, एक सुकी फांदी. पेट्यांना उघडणारं झाकण. सफाई वीण संपल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात. अंडी-पिल्लं असताना कोणी हात लावायचा नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथेही लागतो. साप दिसलाच तर वनविभागाचा १९२६ हा नंबर गेटवर लिहिलेला असेल. डबकं तूर्त बाजूला. ढीग ओंडका म्हणतात तसा, बागेच्या मध्यावर.

पारसिकपायथा
पेट्यांना हरकत नाही. ढिगाला आहे. कचराखोलीचं दार रात्री उघडं राहतं ते आधी बंद होऊ दे, मग ओंडक्यांचं बघू.