प्रतिसाद: भिगवणसाठी अख्खा दिवस काढावा का?

वर विचारलंय की थंडीत पुण्याहून फक्त फ्लेमिंगोसाठी भिगवणला जाणं वर्थ आहे का आणि मुलांना थोडं चालायलाही मिळेल का. मी म्हणेन नक्की जा, पण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, कारण पाऊस भरपूर झाला असेल तर भिगवणला लागून असलेल्या उजनी धरणाचं पाणी उशिरा उतरतं आणि उथळ चिखल उघडा पडल्याशिवाय फ्लेमिंगो नीट थांबत नाहीत. कुंभारगाव किंवा डिकसळला उजाडतानाच बोटीत बसा. पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) अजिबात चुकवू नका, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात हो ते! आणि प्लीज, नावाडीदादांना आधीच सांगा की फोटोसाठी थवा उडवायचा नाही, पोटभर खाऊ द्या पक्ष्यांना.

परतताना हायवे सोडून बारामती-मोरगाव बाजूने या, वाटेत सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किमी पण गवताळ माळावर चिंकारा हरणं मस्त दिसतात, गाडीतून घाईने न उतरता शांत बसलात तर जास्तच. चालायला सासवडजवळचा मल्हारगड, सोनोरीकडून साधारण अर्ध्या तासाची सोपी चढण, मुलं आरामात चढतात. पाणी मात्र खालूनच भरून न्या.