कामावरचा ताण: श्वास सावरायचा की कामाची घडी बदलायची?

मूळ मत:
गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात ताण-व्यवस्थापनाची दोन तासांची कार्यशाळा झाली आणि आम्हा सर्वांना दीर्घ श्वसन शिकवण्यात आले. त्याच रात्री सव्वादहा वाजता वरिष्ठांचा निरोप मोबाइलवर आला: 'उद्या आल्याआल्या भेटा.' कारण दिलेले नव्हते. वर्षभरातल्या सगळ्या चुका आठवत मी पहाटेपर्यंत कूस बदलत राहिलो; सकाळी कळले की रजेच्या अर्जावर माझी सही राहून गेली होती.

माणूस ओझ्याने थकतो हे खरे, पण त्या ओझ्यावर आपले काहीच चालत नाही ही जाणीव त्याला आतून पोखरते. कामावरच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडले होते. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या, १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासातही, कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. दुखणे कामाच्या रचनेत असताना कर्मचाऱ्याला श्वास मोजायला लावणे ही निव्वळ मलमपट्टी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १:
आपला संताप समजतो, निष्कर्ष मात्र पटत नाही. मी रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका आहे आणि रुग्णांनी कधी व किती यावे, हे तिथे कोणाच्याच हाती नसते. पाळीतली माणसे वाढवा, असे मी दरवर्षी लेखी कळवते. पण ती येईपर्यंतची प्रत्येक पाळी मलाच निभवायची असते.

साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि दोन रुग्णांच्या मधला तेवढाच वेळ माझा असतो. त्या वेळात मी खांदे सैल सोडते आणि श्वास घ्यायला लागतो त्याहून अधिक वेळ तो सोडायला देते. उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. त्यानंतर पुढच्या रुग्णाच्या शिरेत सुई घालताना माझा हात थरथरत नाही. याला मलमपट्टी म्हणायचे असेल तर म्हणा, पण तिचा उपयोग रुग्णालाच होतो.

मूळ लेखक:
'निव्वळ' हा शब्द मी मागे घेतो. तरीही एक शंका मनातून जात नाही. आपण दरवर्षी माणसे मागता आणि ती मिळत नाहीत. आपण शांतपणे सारे निभावून नेता, म्हणूनच तर ती मिळत नसतील ना?

प्रतिसाद १:
ही शंका मलाही छळते. परंतु मी कोलमडून पडले म्हणून माणसे वाढतील याची खात्री नाही, आणि त्या दिवशी रुग्णांचे हाल होतील याची मात्र पुरेपूर खात्री आहे.

प्रतिसाद २:
मी नऊ जणांच्या गटाचा प्रमुख आहे, आणि कारण न देता रात्री निरोप धाडणाऱ्यांपैकीच एक होतो. मूळ मतातला प्रसंग वाचून अपराधी वाटले. मात्र ताबा दिला की ताण संपतो, हे मला मान्य नाही. कामाची वेळ आणि क्रम ज्याने त्याने ठरवावा, अशी पूर्ण मोकळीक मी दिली होती. त्यावर नव्याने आलेली मंडळीच अधिक धास्तावली, कारण किती काम केले म्हणजे पुरेसे, हे मी कोणालाच सांगितले नव्हते. आता सोमवारी आठवड्याची कामे ठरवताना या आठवड्यात कोणते काम मागे पडले तरी चालेल, हेही मी नाव घेऊन सांगतो. रात्री काही सुचलेच तर निरोप लिहून ठेवतो. तो सकाळी नऊला जातो, आणि भेट कशासाठी हवी ते पहिल्याच ओळीत असते.