फियाट फिरवून कॅन्सर पेशंटला मदत? सरळ पैसे द्या की ओ!

विजापूर वेस:
कालपासून सगळ्या ग्रुपांवर एकच पोस्ट फिरतेय. ज्यांना आली नसेल (असा सोलापूरकर उरला असेल तर) त्यांच्यासाठी थोडक्यात: जुन्या मोटारींचा क्लब मे महिन्यात १५ गाड्या काढणार. सोलापूर, तुळजापूर, बार्शी, पंढरपूर, विजापूर, परत सोलापूर. अशा दोन फेऱ्या, २४ तासांत साधारण ८०० किलोमीटर, रात्रंदिवस. आपण दर किलोमीटरला रुपया-दोन रुपये कबूल करायचे. त्यातून बार्शीला उपचारासाठी येणाऱ्या कॅन्सर पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या राहण्याची सोय. खाली मोठ्या अक्षरांत: "तुमचा एक रुपया, आमचा एक किलोमीटर."

तिथंच माझं डोकं फिरलं. म्हणजे रुपया मी द्यायचा आणि हिंडायचं तुम्ही? जुनी फियाट लिटरला बारा देते म्हणू, तेही मालकाच्या मनाला बरं वाटावं म्हणून. ८०० किलोमीटरला ६६-६७ लिटर. १०५ चा भाव धरला तर गाडीमागे सात हजार. १५ गाड्यांचे लाखभर रुपये नुसते सायलेन्सरमधून जाणार. वर टोल, टी-शर्ट, टोप्या, बॅनर, आणि परत आल्यावर हॉटेलात सत्कार. ते लाख रुपये सरळ बार्शीला नेऊन द्या, मी स्वतः हार घेऊन येतो. दान करायचं तर करा, हिंडायचं तर हिंडा. पेशंटच्या नावावर पिकनिक नको.

हँडल गियर:
क्लबातलाच आहे, त्यामुळे बोलतो. पेट्रोल ज्याचं त्याचं. टोल ज्याचा त्याचा. जमलेल्या पैशातला एक रुपया गाडीत जाणार नाही, हे त्याच पोस्टमध्ये चौथ्या ओळीत लिहिलंय. तुम्ही तिसऱ्या ओळीला रागावलात आणि वाचायचं सोडलंत.

आणि "ते लाख सरळ द्या" म्हणणाऱ्यांना विचारतो, मागच्या वर्षी तुम्ही सरळ किती दिलेत? माणूस पाकीट काढतो ते कोणीतरी अंगाला तोशीस लावून घेताना दिसलं की. कॅनडातल्या टेरी फॉक्सचा एक पाय कॅन्सरने गेला होता. १९८० साली तो कृत्रिम पाय लावून देशभर पळायला निघाला, ५,००० किलोमीटरच्या वर पळाला. माणशी एक डॉलर मागितला होता, वर्षाच्या आत दोन कोटींवर डॉलर जमले. त्यालाही कोणी म्हणालं असतं, पळतोस कशाला, सरळ दे.

विजापूर वेस:
टेरी फॉक्सला एक पाय होता. तुम्हाला चार चाकं आहेत, शिवाय डिकीत पाचवं.

पाणी आलं का:
गाड्या धुवायला पाणी कुठून आणणार ते पण सांगा. आमच्याकडे नळाची वाट बघत बादल्या मांडून ठेवतो आम्ही. उजनी भरली तरी आमची टाकी कोरडी. एवढी उत्साही मंडळी आहेत तर जलवाहिनीसाठी एक फेरी काढा, मी शंभर रुपये किलोमीटर देतो.

मार्क टू:
पाण्याचा विषय इथं नको, त्याचे वेगळे धागे आहेत, सगळे तुमचेच.

मला मुळात वेगळीच शंका आहे. मे महिन्यात? सोलापूरच्या ४३-४४ डिग्रीत? फियाट? तुळजापूरचा घाट चढायच्या आत व्हेपर लॉक होऊन, म्हणजे नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन, निम्म्या गाड्या बोनेट उघडून उभ्या असतील आणि मालक इंजिनाशेजारच्या फ्युएल पंपावर ओल्या फडक्याची घडी ठेवून वाऱ्याची वाट बघत असतील. २४ तास सलग चालवायची तर अँबेसिडर. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड गाडीचा सांगाडा, १४८९ सीसीचं इंजिन, रस्त्यावरच्या कुठल्याही मिस्त्रीने पान्याने ठोकून चालू करावं असं. १९५८ ते २०१४ उगाच बनत नव्हती.

हँडल गियर:
२०१४ पर्यंत बनली कारण सरकारी खात्यांनी घेतली. लोक स्वतःच्या पैशाने काय घेत होते ते मुंबईच्या टॅक्सी स्टँडवर बघायचं. आणि व्हेपर लॉक टाळता येतो. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या, मधे पत्र्याची आड लावा, दुपारी बारा ते चार गाडी सावलीत. म्हणूनच सुटायची वेळ संध्याकाळी सहाची आहे. तेही पोस्टमध्ये लिहिलंय.

शिवाय सोलापूरकराने फियाटला नावं ठेवू नयेत. फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली कोणी? वालचंद हिराचंद, जन्म १८८२, सोलापूर. फियाट ही आपल्या गावची गाडी आहे.

मार्क टू:
वालचंद गेले १९५३ साली. फियाटचं पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं. त्यांच्या हयातीत प्रीमियर सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जोडत होती, डॉज आणि प्लिमथ. एवढाच गावाचा अभिमान असेल तर डॉज आणा की.

हँडल गियर:
आणतो. तुम्ही टायर द्या.

मार्क टू:
१९६८ ची लंडन ते सिडनी रॅली ऐका. गाड्या मुंबईपर्यंत रस्त्याने आल्या, तिथून बोटीत चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. जिंकली हिलमन हंटर. घरगुती, चौकोनी, कोणी वळून बघू नये अशी. लांब पल्ल्याला अशीच गाडी लागते. म्हणजे अँबेसिडर.

हँडल गियर:
म्हणजे हिलमन. अँबेसिडर कुठून आली मधे?

हिशोब तपासनीस:
तुमचं भांडण गोड आहे, पण कामाचं कोणी विचारत नाहीये. क्लब नोंदणीकृत ट्रस्ट आहे का? नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क च्या, म्हणजे पैसे गोळा करायच्या परवानगीचं काय केलंत? गणपती मंडळांना वर्गणीसाठी ते लागतं, मोटारवाल्यांना वेगळी सूट नाही. पैसे कोणाच्या खात्यात? कोणा सदस्याच्या मोबाइलवरच्या क्यूआर कोडमध्ये जात असतील तर मी तरी देणार नाही. आयकरात वजावट मिळेल अशी पावती मिळणार का? रोखीने दोन हजारांच्या वर दिलं तर वजावट नाही, हे सांगितलंय का लोकांना?

विचारतो कारण एकदा हात पोळलेत. एका सायकल फेरीला मी चांगली रक्कम दिली होती. फेरी झाली, फोटो आले, मंत्र्यांसोबत सेल्फी आले. हिशोब अजून यायचाय.

विजापूर वेस:
हेच म्हणत होतो मी.

हिशोब तपासनीस:
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही टी-शर्टवर रागावला होता.

हँडल गियर:
मान्य, पोस्टमध्ये क्यूआर कोड एका सदस्याचा आहे. घाईत टाकला. क्लब ट्रस्ट नाही, नुसता शौकिनांचा ग्रुप आहे. बदलून घेऊ. पण भाषा बघा, "हात पोळलेत" म्हणजे आम्ही चोर का? इथं वीस वर्षांवरची गाडी ठेवायची म्हणजे २०२५ पासून नोंदणीच्या नूतनीकरणालाच दहा हजार फी. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा नंबर घ्यावा तर वीस हजार, वर रोज रस्त्यावर काढायची नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. सरकारनेच सांगितलंय रॅलीपुरती काढा, आणि काढली की तुम्ही म्हणता पिकनिक.

विजापूर वेस:
छंद तुमचा, फी तुमची, रडगाणं आम्ही ऐकायचं? जुनी गाडी ठेवा म्हणून गळ घालायला कोणी आलं नव्हतं.

बार्शी लाइट:
मी फारसं लिहीत नाही इथं. आईच्या वेळी बार्शीला होते, म्हणून लिहिते.

रेडिएशन दहा-पंधरा मिनिटांचं असतं. पण आठवड्यातले पाच दिवस, आणि असे कित्येक आठवडे. त्यासाठी भरती करून घेत नाहीत, गरजही नसते. मग मंगळवेढ्याकडच्या माणसाने काय करायचं? रोज एसटी, नाहीतर खोली. आम्ही सुरुवातीला एसटीने गेलो. आईच्या मानेवर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या होत्या, मशीन कुठं धरायचं त्याच्या. पुसल्या तर सगळं माप परत. ती एसटीच्या खिडकीशी बसून घामाने शाई उतरेल म्हणून दोन्ही हातांनी पदर मानेपासून लांब धरून बसायची, सगळी वाट. नंतर खोली घेतली. भाडं औषधाइतकंच झालं.

तर विजापूर वेस, मला रुपया फियाटमधून आला की अँबेसिडरमधून, काही घेणंदेणं नाही. पण हँडल गियर, तुम्हालाही विचारते. २४ तास गाडी चालवून खोलीचं भाडं किती महिने निघणार? मे संपला की जूनमध्ये पेशंट थांबतात का? तुमची पुढची फेरी कधी?

हँडल गियर:
ताई, खरं सांगायचं तर पुढचं ठरवलेलं नाही.

पाणी आलं का:
१५ गाड्या आहेत ना? रोज एक जरी तिकडच्या गावांतून पेशंट घेऊन बार्शीला गेली तर? हे मी टोमणा म्हणून नाही लिहीत.

मार्क टू:
पहिल्यांदाच कामाचं बोललात. पण रोज वापरायच्या त्या गाड्या नाहीत, व्हीए वाल्या तर नाहीतच. आणि कॅन्सर पेशंटला व्हेपर लॉकमध्ये घाटात उभं करायचं? माझ्या अँबेसिडरमध्ये मात्र मागच्या सीटवर आडवं झोपता येतं.

हँडल गियर:
आलं परत अँबेसिडरवर.

आजच्या बैठकीत ठरलं ते असं: क्यूआर काढला. एका नोंदणीकृत ट्रस्टशी बोलणं चाललंय. त्यांचंच खातं, त्यांचीच पावती, आमच्या हातात पैसा येणारच नाही. सुटायच्या आधी प्रत्येक गाडीच्या मीटरचा फोटो, आल्यावर परत फोटो, तिथंच सगळ्यांसमोर. ताई, एका फेरीऐवजी कबुली महिन्याची घेता येईल का, तेही बघतोय.

विजापूर वेस:
हे सगळं आधी केलं असतं तर मी धागा काढलाच नसता. असो. माझ्याकडून किलोमीटरला दोन रुपये लिहा. फक्त फियाटला. अँबेसिडरवाल्याला नको, त्याचा आत्मविश्वास आधीच जास्त आहे. आणि बंद पडली तर टोचन लावून ओढलेले किलोमीटर मी धरणार नाही.

मार्क टू:
वा! टोचनचे धरले नाहीत तर फियाटच्या नावावर राहणार काय?

हँडल गियर:
टोचनमध्येही चाकं फिरतात, ब्रेक मारायला माणूस आत बसतो, रात्रभर जागतो. धरायला पाहिजेत.

हिशोब तपासनीस:
मीटर दोन्ही गाड्यांचा पडणार. ओढणाऱ्याचा आणि ओढल्या जाणाऱ्याचा. एकाच किलोमीटरचे दोनदा पैसे? हे आधी लेखी ठरवा.

विजापूर वेस:
एकदाच. आणि ओढणाऱ्याच्या नावावर.

मार्क टू:
मग माझे ८०० चे हजार होणार बघा.