सर्पदंशावरच्या संशोधनात वाचलेल्या रुग्णांना सुरुवातीपासून घ्या

वावरवाला, यवतमाळ
घोणस चावलेला माणूस जिवंत घरी गेला, की अभ्यासाच्या कागदावर तो 'बरा'. पुढं मूत्रपिंडं खराब होऊन डायलिसिससाठी नागपूरच्या चकरा, सडलेल्या पायानं डवऱ्यामागं चालता न येणं, हे कोण मोजतं? जागतिक आरोग्य संघटनेला २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू आणि त्यातून येणारं अपंगत्व निम्म्यावर आणायचं आहे. पण दवाखान्याची नोंद भरतीपासून सुरू होते. त्याआधी मांत्रिकाकडं किती वेळ गेला, गाडी कुणाची मिळाली, हे त्या घरालाच ठाऊक. काय मोजायचं हे ठरवतानाच ही माणसं बैठकीत हवीत.

रात्रपाळी
ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे, माझा विरोध आहे. रुग्ण आला की काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. गुठळी झाली नाही, म्हणजे विष भिनलंय, तर लगेच सर्पविषावरची लस. तिथं कुणाला विचारत बसू? शिवाय बिनविषारी साप चावलेला माणूस मांत्रिकाकडं जाऊन 'बरा' होतो आणि गावभर तेच सांगतो. ते मत संशोधनात शिरलं तर? संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत सामान्य नागरिक असतोच.

वावरवाला
तुमची वीस मिनिटं कोणी मागत नाही जी. बैठक अभ्यासाच्या आधी, उन्हाळ्यात घ्यायची. समितीतल्या नागरिकापुढं आराखडा येतो तेव्हा प्रश्न ठरलेला असतो. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायांना नवजाताचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. गावाला जमत नाही, असं कसं म्हणता?

आशाताई
बैठकीला बोलावता, मजुरी कोण देते? निंदणाच्या दिवसात तर बाई येतच नाही. आली तरी डॉक्टरसमोर 'हो साहेब'. नवरा गेलेल्या एका बाईनं मला चुलीपाशी सांगितलं, "लस देल्ली अन् त्याचं अंग थरथराले लागलं. मले वाटलं, डॉक्टरनंच मारलं." हे तुमच्या फॉर्मात कुठं लिहू?

रात्रपाळी
ताई, लसीची रिअॅक्शन येते. आम्ही अॅड्रेनालिन देतो, पण घरच्यांना बाहेर काढून. त्यांना काय आणि कधी सांगायचं, हा अभ्यास त्यांच्याशिवाय होणार नाही, मान्य. उपचारांची तुलना मात्र आमच्याकडंच राहू द्या.

वावरवाला
तुलना तुम्हीच करा. पण सहा महिन्यांनी मूत्रपिंड कसं आहे आणि माणूस वावरात परतला का, हे दोन रकाने त्यात हवेतच. आणि ताईंनी म्हटलेली मजुरी संशोधनाच्या खर्चात आधी धरा.