मदत हवी आहे: पुस्तकातलं नाही, घरातलं इंग्रजी कसं शिकू?

नमस्कार. मी नागपूरची, मनीषनगरात राहते. वय ४६. वरच्या मजल्यावर सहा मुली भाड्यानं राहतात, खाली माझी मेस आहे. बहुतेक जणी मिहानमधल्या कंपन्यांत कामाला आहेत. दोघी केरळच्या, एक मणिपूरची. त्या तिघींना मराठी येत नाही, हिंदी तुटक येते. त्यामुळे जे काही बोलायचं ते इंग्रजीत.

मागच्या महिन्यात केरळची एक मुलगी नवीन आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आंटी, आय ॲम अलर्जिक टू पीनट्स." अलर्जी कळलं, पीनट्स कळलं नाही. आम्ही शाळेत शेंगदाण्याला ग्राउंडनट शिकलो होतो. मला वाटलं काजू-बदामाचं म्हणते आहे, आणि मेसच्या भाजीत काजू कोण घालतं? मी "ओके, ओके" म्हटलं. चौथ्या दिवशी भरली वांगी केली, त्यात दाण्याचा कूट. जेवून उठते न उठते तोच तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. ऑटो करून जवळच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. आता ती बरी आहे, माझ्याकडेच जेवते. पण तिनं मला सांगितलं होतं आणि मी समजल्यासारखं हो म्हटलं होतं, हे मनातून जात नाही.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, तोवर माझं शिक्षण संपलं होतं. तरी वाचता येतं, अर्ज लिहिता येतो. बर्डीवर तीन महिने स्पीकिंगचा क्लासही केला. तिथे सगळा वेळ काळ आणि कर्ता-कर्म. आणि माझ्या दाराशी उभी राहून मुलगी म्हणते, "आंटी, आय थ्रू अप." मी विचार करते, काय फेकलं हिनं?

लाईट गेली, टँकर उद्या येईल, गीझर चालू ठेवू नका, डबा भरून देऊ का, भाजी सकाळची आहे पण चांगली आहे, अशी वाक्यं मला हवी आहेत. "चालेल" हा एक शब्द आपण दिवसातून पन्नासदा वापरतो, त्याला काय म्हणू? आणि सांभार. आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, त्यांच्याकडे सांबार म्हणजे डाळ. "सांभार घालू का?" विचारलं की त्या ताट पुढे करतात.

या वयात हे शब्द कुठून गोळा करू आणि तोंडात कसे बसवू? ज्यांनी केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

खडूफळा:
ताई, मी शाळेत इंग्रजी शिकवते. तुमच्या चुकीत पुस्तकाचाही वाटा आहे. पीनट आणि ग्राउंडनट एकच, पण बाहेर पीनट जास्त चालतं. असे जोड शब्द स्वयंपाकघरात बरेच आहेत. वांग्याला आपण ब्रिंजल शिकलो, इंग्लंडात ऑबर्जिन, अमेरिकेत एगप्लांट. भेंडी लेडीज फिंगर आणि ओक्राही. कोथिंबीर आपल्याकडे कोरिअँडर, अमेरिकेत सिलँट्रो. म्हणून एका वस्तूची दोन्ही नावं शेजारी लिहा.

"आय थ्रू अप" म्हणजे उलटी झाली. "आय फील सिक" म्हणजे बरेचदा मळमळतं आहे. "शी पास्ड आउट" ऐकलं तर धावत जा, ती बेशुद्ध पडली आहे. आपण मात्र ते कॉलेज संपलं या अर्थी वापरतो. लाईट गेली: "द पॉवर इज आउट." चालेल: "दॅट्स फाइन." सकाळची भाजी "लेफ्टओव्हर", तिला "स्टेल" म्हणू नका, स्टेल म्हणजे शिळं होऊन बिघडलेलं. तिखटाला "स्पायसी" म्हणा, कारण "हॉट" म्हणजे गरमही.

आणि न कळलेल्या शब्दाला "ओके" म्हणायचं नाही. "सॉरी, व्हॉट इज दॅट? शो मी." हे वाक्य आधी पाठ करा, बाकीची नंतर.

वर्धारोड:
काकू, माझ्या आईनं असंच शिकलं. डब्यांवर चिठ्ठ्या लावा आणि त्या मुलींकडूनच लिहून घ्या, उच्चारही त्यांचाच ऐका. दुसरं, बिस्किटाच्या पुड्यामागे "कंटेन्स" लिहिलेलं असतं. त्यापुढे दूध, गहू, सोया, पीनट अशी अलर्जीची नावं येतात. "मे कंटेन" असेल तर थोडाफार अंश असू शकतो. किराणा भरताना रोज एक पुडा वाचा. मेसवालीला याहून कामाचं पुस्तक नाही.

मूळ लेखिका:
दोघींचे मनापासून आभार. काल रात्री सगळ्या मुली ओट्याशी बसल्या आणि बावीस डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. कुटाच्या डब्यावर त्या मुलीनंच लाल पेनानं मोठ्या अक्षरांत पीनट लिहिलं, आणि मी तो डबा वेगळ्या फळीवर ठेवला, चमच्यासकट. "शो मी" आज तीनदा म्हटलं. मणिपूरच्या पोरीनं मोबाईलवर चित्र काढून दाखवलं, तिला आल्याचा चहा हवा होता.

तीळ आणि जवस राहिले, त्यांचं कुणालाच सांगता आलं नाही. उद्या जवसाची चटणी करायची आहे, त्याआधी विचारून घ्यायचं आहे.

खडूफळा:
तीळ म्हणजे सेसमी, जवस म्हणजे फ्लॅक्ससीड. तिळाचीही काहींना अलर्जी असते, तेव्हा दोन्ही नावं घेऊन विचारा: "आर यू अलर्जिक टू सेसमी ऑर फ्लॅक्ससीड?" आणि उत्तर सहाही जणींकडून घ्या.