‘रेडिओ रेबेल्दे’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : क्यूबाच्या क्रांतीवर लिहितोय. २४ फेब्रुवारी १९५८ला चे गव्हेरानं सिएरा माएस्त्राच्या डोंगरात सुरू केलेल्या ‘रेडिओ रेबेल्दे’ला ‘बंडखोर रेडिओ’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १ : लेख १ जानेवारी १९५९ पर्यंत जाणार असेल तर ‘बंडखोर’ नको. त्या पहाटे क्यूबाचा हुकूमशहा बातिस्ता पळाला, राजधानीत एक जनरल सूत्रं हाती घेऊ लागला आणि कास्त्रोनं याच रेडिओवरून सार्वत्रिक संपाची हाक दिली. घोषणा होती ‘रेवोल्युसिओन सी, गोल्पे मिलितार नो’, म्हणजे क्रांती हवी, लष्करानं सत्ता बळकावणं नको. आपली वर्तमानपत्रं ‘गोल्पे’ला सर्रास ‘लष्करी बंड’ म्हणतात. मग बंडखोरांचाच रेडिओ ‘बंड नको’ सांगतोय असं होईल, आणि सगळं राजकारण तर त्या एका ओळीत आहे! बातिस्ता स्वतः १९५२ला लष्कराच्या जोरावरच सत्तेत आला होता. नुसता माणूस बदलून तेच पुन्हा नको, हे देशभर त्याच दिवशी पोचवायला रेडिओच हवा होता. म्हणून तिथे ‘लष्करी सत्तापालट’ लिहा आणि केंद्राला ‘विद्रोही रेडिओ’ म्हणा. शिवाय बंडखोर म्हटलं की आपल्याला तिकीट कापलेला उमेदवारच आठवतो.

प्रतिसाद २ : सत्तापालट पटलं. ‘विद्रोही’ मात्र आपल्याकडे साहित्य संमेलनाशी जोडला गेलाय, बंदुकीशी नाही. मी मूळ नाव ठेवून पहिल्या उल्लेखात अर्थ देईन. आणि कृपा करून ‘भूमिगत’ लिहू नका. उषा मेहतांचा १९४२चा काँग्रेस रेडिओ मुंबईत जागा बदलत, पोलिसांना चुकवत चालला, तो भूमिगत. हे लोक आपला पत्ता अभिमानानं सांगत : सिएरा माएस्त्रा, ‘तेरितोरिओ लिब्रे दे कुबा’, म्हणजे क्यूबाचा ‘लिब्रे’ प्रदेश.

प्रश्नकर्ता : ‘लिब्रे’ला मुक्त की स्वतंत्र?

प्रतिसाद १ : मुक्त. ग्रेनेडा या कॅरिबियन बेटाचं उदाहरण घ्या. १३ मार्च १९७९ला न्यू ज्युएल मूव्हमेंट या तिथल्या क्रांतिकारी पक्षानं पहाटे ट्रू ब्लूची लष्करी छावणी घेतली, मग रेडिओ केंद्र. सकाळी पक्षाचा नेता मॉरिस बिशप त्यावरून बोलला, पोलीस ठाण्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. केंद्राचं नाव झालं ‘रेडिओ फ्री ग्रेनेडा’. देश स्वतंत्र झाला होता १९७४लाच. सुटका हवी होती ती पंतप्रधान गेरीच्या राजवटीतून. ‘स्वतंत्र ग्रेनेडा रेडिओ’ लिहिलंत तर वाचक ब्रिटिशांपाशीच अडकेल.